नव्वद कशाचे?

सोमवार, २६ ऑक्टोबर १९९८
मयूर विहार, दिल्ली

आज माझी जी फजिती झाली ती लिहूनच ठेवतो. सांगायला आता इंदुमती नाही.

गेली दोन वर्षं मी सांगलीत दिसेल त्याला सांगत आलो की आमची सून देवयानी नोएडाला चिप्सच्या कंपनीत इंजिनियर आहे. आमच्या साखर कारखान्यातल्या गुलाबरावांनी एकदा विचारलंही होतं, एवढे बटाटे येतात कुठून. मी ठोकून दिलं, आग्र्याहून. यतीनच्या लग्नात व्याह्यांनी 'चिप' एवढंच सांगितलं होतं आणि मी फार खोलात शिरलो नव्हतो. साखरेला इंजिनियर लागतो, मग बटाट्याला का लागू नये?

आज सकाळी देवयानी फोनवर कोणाला तरी सांगत होती की एका वेफरमधून चारशे चिप्स निघतात. तिने फोन ठेवल्यावर मी म्हटलं, अगं, वेफर्स आणि चिप्स एकच की. एकातून चारशे निघतील कशा? तिला आधी कळेचना. कळलं तेव्हा स्वयंपाकघरात गेली, तिथे हसली आणि तोंड पुसून बाहेर आली. समोर हसली नाही. पोरगी वळणाची आहे.

मग तिने समजावलं. वेफर म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. तिच्यावर नक्षी काढतात, मग कापून चिपा करतात, त्या टेलिफोनात बसतात. देवयानीची कंपनी फक्त नकाशे काढते, कारखाना त्यांचा नाही. चिपा कोणाच्या कारखान्यात करून घ्यायच्या, कोरियावाल्यांच्या, तैवानवाल्यांच्या की जपानवाल्यांच्या, याचा अहवाल तिला डिसेंबरात द्यायचा आहे. कोणाची क्षमता किती आणि शंभरातल्या चांगल्या किती निघतात, ते मांडायचं. हे तिचं पहिलंच मोठं काम.

गुलाबरावांना आता काय लिहावं? आग्र्याचं तरी कबूल करावं लागेल.

रात्री भूक नव्हती. अर्धी पोळी खाल्ली.

रविवार, १ नोव्हेंबर

गुलाबरावांचं पत्र आलं. कारखान्याचा बॉयलर पेटला, गाळप सुरू होईल. यंदा ऊस बरा आहे म्हणतात. चौतीस वर्षं मी त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली, शेवटची अकरा चीफ केमिस्ट म्हणून. निवृत्तीनंतरही हंगाम सुरू झाला की मळीचा वास घरापर्यंत यायचा आणि इंदुमती खिडक्या लावून घ्यायची. इथे तिसऱ्या मजल्यावर कसलाच वास येत नाही.

इंदुमती मे महिन्यात गेली. दिवाळीआधी यतीन येऊन मला घेऊन आला, म्हणाला तीन महिने राहा, हवापालट होईल. तीन महिने दहा जानेवारीला संपतात. आज त्याला सांगितलं, दहा तारखेचं मिरजेचं तिकीट काढून ठेव. तो म्हणाला, तिथे तुमचं करणारं कोण आहे? कोणी नाही, हे मलाही माहीत आहे. पण निरुपयोगीच राहायचं तर माणसाने आपल्या घरात राहावं. इथे दोघं साडेआठला बाहेर पडतात आणि मी सोसायटीच्या फाटकाशी चौकीदार बदलताना बघतो.

यतीनने पेपरची घडी घातली. मग म्हणाला, काढतो.

शनिवार, ७ नोव्हेंबर

कांदा पन्नासच्या वर गेला आहे. देवयानीने आज कोबीची भाजी बिनकांद्याची केली आणि बरी केली.

संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर कागद मांडून बसली होती. मी सहज डोकावलो. कोरियावाले महिन्याला चाळीस हजार चकत्या काढतात, तैवानवाले पंचवीस हजार, म्हणून क्षमतेत कोरिया पहिला. मी विचारलं, चकत्या सारख्याच मापाच्या का? ती म्हणाली, नाही, कोरियाची सहा इंची, तैवानची आठ इंची. आणि तिने पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, चाळीस लहान पापड आणि पंचवीस मोठे पापड, पीठ कोणाला जास्त लागलं? सहाचा वर्ग छत्तीस, आठाचा चौसष्ट. चाळीस गुणिले छत्तीस चौदाशे चाळीस, पंचवीस गुणिले चौसष्ट सोळाशे. तैवान पहिला.

तिने कपाळावर हात मारून घेतला. यतीनला ओरडून बोलावलं आणि पापडाचा हिशेब त्याला पुन्हा सांगायला लावला.

मग मीच सांगत सुटलो. म्हटलं, शंभरातल्या किती चांगल्या, याला आम्ही उतारा म्हणतो. शंभर टन उसात साडेअकरा टन साखर निघाली, तर उतारा साडेअकरा. तिला हा अर्थ ठाऊक नव्हता. ती सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली. तिला उतारा म्हणजे 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे द्या' एवढाच माहीत. अच्छा, म्हणाली, आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतला.

आज दोन पोळ्या गेल्या. बोलताना लक्ष राहिलं नाही.

शनिवार, १४ नोव्हेंबर

देवयानीने पुन्हा कागद आणले. हे हाताने लिहिलेले होते. कॉम्प्युटरवर चढवण्याआधी एकदा नजर घालाल का, म्हणाली. दोन ढळढळीत चुका निघाल्या. जपानवाल्यांचा एक कारखाना दोनदा धरला होता, आणि एका ठिकाणी महिन्याचा आकडा वर्षाच्या रकान्यात होता. तिच्या ऑफिसातली माणसं भलतीच निष्काळजी दिसतात. आमच्या प्रयोगशाळेत असा तक्ता आला असता तर मी फाडून टाकला असता. तिला तसं म्हणालो नाही. ती बिचारी काय करणार, वरून जे येईल ते उतरवणार.

मी चूक दाखवली की ती कागदाकडे न बघता माझ्याकडे बघते. ऐकून घेण्याची चांगली सवय आहे.

रविवार, २२ नोव्हेंबर

हा आठवडा देवयानी कामात होती, काल कागद आले नाहीत. दोन दिवस जेवण गेलं नाही, एखादी पोळी कशीबशी. बहुधा हवा बदलली म्हणून.

सांगलीला गेल्यावर मागच्या खोलीचं छप्पर बघायला हवं. यतीन म्हणतो तिकीट काढलंय. दाखव म्हटलं तर ऑफिसात राहिलं म्हणाला.

शनिवार, २८ नोव्हेंबर

आजच्या कागदात दोन चुका होत्या. दुसरी फार हुशारीने लपली होती. चार रकाने ओलांडून मी तिला पकडली. पकडली तेव्हा मोठ्याने हसलो आणि माझं मलाच दचकायला झालं. मे महिन्यापासून हा आवाज घरात आला नव्हता, या घरात तर कधीच नाही. इंदुमतीला विसरलो की काय, असं वाटून मग जरा वेळ बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

देवयानी मागून आली आणि शेजारी उभी राहिली. म्हणाली, आई असत्या तर त्यांनी मला उतारा शिकवला असता का? मी म्हटलं, तिला साखर चहात घालण्यापुरती माहीत. तरी मग आम्ही बराच वेळ तिच्याबद्दलच बोललो.

शनिवार, १२ डिसेंबर

सकाळी धुकं इतकं की समोरची इमारत दिसेना. यतीनने देवयानीला कायनेटिक स्कूटर काढू दिली नाही, स्वतः सोडून आला.

आजचा तक्ता मोठा होता. दोन चुका काढल्या. देवयानीने विचारलं, दोनच? मी म्हटलं, दोनच, आता हा धुतल्या तांदळासारखा स्वच्छ आहे. अहवाल पुढच्या सोमवारी, एकवीस तारखेला साहेबांच्या टेबलावर जायचा आहे. ती धास्तावली आहे. साहेबांचा कल कोरियाकडे आहे आणि तिच्याही तक्त्यात कोरियाच पुढे येतो, म्हणजे खरं तर तिला चिंता नको. मी तिला म्हटलं, केमिस्टाने आकडा तपासून सही केली की निवांत झोपावं.

शुक्रवार, १८ डिसेंबर

फार लागलं आज.

दुपारी टाचणी शोधत होतो. देवयानीच्या कपाटाच्या वरच्या खणात टाचण्या असतात, तीच सांगून गेली होती. डबी उचलली तर खाली वहीचा एक कागद. मथळा होता 'बाबांचा उतारा'. मी वाचायला नको होता, पण स्वतःचं नाव दिसल्यावर कोण थांबेल?

चार रकाने होते. तारीख, चुका, सापडल्या, पोळ्या (नग).

२६ ऑक्टोबर: चुका नाहीत, पोळी अर्धी. ७ नोव्हेंबर: चूक एक, सापडली एक, पोळ्या दोन. १४ नोव्हेंबर: चुका दोन, सापडल्या दोन, पोळ्या तीन. २१ नोव्हेंबर: चुका नाहीत, पोळी एक. २८ नोव्हेंबर: दोन, दोन, तीन. आणि १२ डिसेंबर: चुका तीन, सापडल्या दोन.

तीन.

म्हणजे ऑफिसातली माणसं निष्काळजी नव्हती. माझ्यासाठी चुका घालून कागद लिहिले जात होते. लहान मुलाला पाटीवर गणित घालून बसवतात, तसा मी दर शनिवारी बसत होतो आणि वर ऐटीत केमिस्टाच्या सहीबद्दल बोलत होतो. यतीनलाही ठाऊक असणार. पापडाचा हिशेब त्याने किती मन लावून ऐकला होता.

तक्ता मात्र नीट आखला आहे. पोळ्यांना एकक लिहायला ती विसरली नाही.

रात्री जेवलो नाही. मुद्दाम नव्हे. खरं लिहायचं तर मुद्दामच. दहा जानेवारीला अजून तेवीस दिवस आहेत. आधीची गाडी मिळते का ते यतीनला विचारलं. तो म्हणाला, बघतो.

शनिवार, १९ डिसेंबर

पहाटेच जाग आली आणि एकच विचार डोक्यात. तिसरी चूक कुठली?

मी रागात होतो हे खरं, पण चीफ केमिस्ट होतो हेही खरं. दोघं बाजारात गेल्यावर बारा तारखेचा कागद पुन्हा काढला. अर्ध्या तासात सापडली. शेवटच्या रकान्याची बेरीज. साधी शाळकरी बेरीज, हातचा एक सुटलेला. मी ती तपासलीच नव्हती. बाकी सगळं उलटंपालटं करून पाहिलं, पण देवयानीची बेरीज चुकेल हे माझ्या मनातच आलं नाही.

इथे थांबायला हवं होतं. पण एकदा भिंग हातात घेतलं की माझं मन थांबत नाही. वरच्या ओळीत उताऱ्याचे आकडे होते. कोरिया नव्वद, तैवान अठ्ठ्याहत्तर, जपान चौऱ्याहत्तर. हे मी महिनाभर बघत होतो. आज पहिल्यांदा स्वतःला विचारलं, नव्वद कशाचे?

आमच्या शेजारचा कारखाना दर वर्षी छाती काढून सांगायचा, आमची टक्केवारी पंचाण्णव. आमचे संचालक माझ्यावर चिडायचे. पंचाण्णव टक्के होती ती उसातून रस काढण्याची. रसातून साखर किती हातात आली, ते कोणी सांगायचं नाही. पुढे भट्टीत जे गळायचं ते वेगळंच. दोन्ही टक्केवाऱ्यांचा गुणाकार करावा तेव्हा खरा उतारा.

कोरियावाल्यांचं माहितीपत्रक फाइलीत होतं. इंग्रजी बारीक अक्षर, भिंगाखाली अर्धा तास गेला. नव्वद टक्के म्हणजे कारखान्यात गेलेल्या शंभर चकत्यांतल्या नव्वद न फुटता बाहेर आल्या. बस. त्या चकत्यांवरच्या चिपा किती चालल्या ते तिथे नाही. ते एका मासिकाच्या कात्रणात होतं, त्याच फाइलीत, दहा पानं मागे. चकतीवर चारशे, त्यातल्या चांगल्या दोनशे ऐंशी. म्हणजे सत्तर टक्के. नव्वदाचे सत्तर टक्के, त्रेसष्ट.

तैवान आणि जपान यांचे आकडे तपासले. ते दोन्ही टक्केवाऱ्या धरूनच दिलेले आहेत. कोरिया पहिला नाही, शेवटचा आहे.

छापील अहवाल टेबलावर बांधून तयार होता. उघडून पाहिला. त्यातही नव्वदच. ही चूक तिच्या यादीत नाही. ही तिने घातलेली नाही.

सोमवारी हा कागद जाणार. आणि हे तिला सांगायचं तर खणातला कागद पाहिला हेही सांगावं लागणार. गप्प राहिलो तर माझी अब्रू शाबूत राहील आणि तिची जाईल. लिहायलाही लाज वाटते, पण संध्याकाळपर्यंत मी गप्प राहिलो.

रविवार, २० डिसेंबर

सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं. आधी म्हटलं, तिसरी बेरजेत होती. तिचा चेहरा पांढरा पडला. यतीन उठून बाल्कनीत गेला, बापासारखाच आहे. तिला काही बोलू न देता मी पुढे म्हटलं, आणि चौथी तुझी स्वतःची आहे, आणि माहितीपत्रक तिच्यापुढे सरकवलं.

तिने वाचलं. कात्रण वाचलं. कागदावर गुणाकार केला, पुन्हा केला. म्हणाली, सहा जणांनी हे पाहिलंय, बाबा. मग डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. मला वाटलं अहवालासाठी. म्हटलं, अगं, अजून एक दिवस आहे, होईल दुरुस्त.

"त्यासाठी नाही," ती म्हणाली. "पहिली चूक खरी होती, बाबा. सहा इंच, आठ इंचवाली, बिल्कुल माझी. तुम्ही ती पकडलीत आणि त्या रात्री दोन पोळ्या खाल्ल्या. आल्यापासून पहिल्यांदा. मला दुसरं काही सुचेना. मग मी चुका करायला लागले."

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचे तक्ते तपासले. माझ्या जेवणाचा तक्ता कोणी ठेवेल असं मला कधी वाटलं नव्हतं. इंदुमतीनेही ठेवला असेल, पण तिने लिहून ठेवला नाही. जरा कडक आवाजात म्हटलं, यापुढे चुका घालायच्या नाहीत. खोटा आकडा लिहिणाऱ्या केमिस्टला आमच्याकडे घरी पाठवत असत.

तिने डोळे पुसले. "मला घरी पाठवाल?"

"तू घरीच आहेस," मी म्हटलं.

"आणि तुम्ही?"

चहा निवला होता, तो तसाच प्यायलो. मग तिघं दिवसभर अहवाल दुरुस्त करत बसलो. यतीन टाइप करत होता, मी आकडे वाचत होतो. दुपारी देवयानीने टेबलावरच ताटं आणली. मी किती खाल्लं ते कोणी मोजलं नाही.

गुरुवार, २४ डिसेंबर

देवयानी संध्याकाळी धावतच आली. साहेब सोमवारी नाराज झाले होते, शेवटच्या क्षणी आकडे बदलले म्हणून. मग त्यांनी स्वतः कोरियाला फॅक्स करून विचारलं. तिकडून गोलगोल उत्तर आलं, तेव्हा त्यांना पटलं. काम तैवानवाल्यांकडे जाणार.

बैठकीत तिला विचारलं, हे कोणाच्या लक्षात आलं? ती म्हणाली, माझ्या सासऱ्यांच्या. ते कुठल्या कंपनीत असतात? साखर कारखान्यात होते. मग साहेबांनी तिला उसाचं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तिने रसाला आणि साखरेला बरोबर शब्द वापरले का, एवढं मी विचारून घेतलं. वापरले होते.

शनिवार, २ जानेवारी १९९९

यतीनला म्हटलं, ते दहा तारखेचं तिकीट रद्द कर. उन्हाळ्यापर्यंत बघू. देवयानीला पुढचं काम मिळालं आहे, तिला माणूस लागेल. त्याने एकदम माझे हात धरले. मी म्हटलं, रद्द करायला स्टेशनवर जावं लागेल ना, मीही येतो, तेवढंच फिरणं. तर म्हणाला, नको बाबा, ते वेटिंग लिस्टवर होतं, आपोआप रद्द होतं. पैसेही काही कापत नाहीत.

रेल्वेने बरीच सुधारणा केलेली दिसते.

शनिवार, ९ जानेवारी

देवयानीने नव्या कामाचे कागद आणले. अठरा पानं, छापील. चिपा तयार झाल्यावर त्यांची तपासणी कुठे करून घ्यायची, मलेशियात की सिंगापुरात, त्याचे आकडे. टेबलावर ठेवले आणि उभी राहिली.

मी विचारलं, यात चुका किती?

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. म्हणून तर आणलेत."

सकाळी दहाला बसलो. प्रत्येक बेरीज केली, प्रत्येक टक्केवारीला कशाचे म्हणून विचारलं, दोन पानांना भिंग लावलं. चार वाजता शेवटचं पान संपलं. अठरा पानांत एकही चूक सापडली नाही. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.